क्रोटनचा रंग खताच्या पुडीत नसतो

"आमचा क्रोटन हिरवा पडत चाललाय, कोणतं खत घालू?" लग्नात, लिफ्टमध्ये, अगदी दवाखान्याच्या रांगेतही मला हे विचारलं जातं. झाड कुठे ठेवलंय म्हटलं की उत्तर ठरलेलं: "हॉलमध्ये, सोफ्याशेजारी. भरपूर उजेड असतो तिथे."

नसतो हो. भर दुपारी उघड्यावर साधारण 1 लाख लक्स प्रकाश असतो, ट्यूबलाइट लावलेल्या हॉलमध्ये जेमतेम 200-300. आपले डोळे उजेडाशी जुळवून घेऊन हा फरक झाकतात; झाडाला ती सोय नाही.

क्रोटन मूळचा इंडोनेशिया-मलेशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंतच्या उष्ण पट्ट्यातला. त्याच्या पानांतला पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडचा, लाल-जांभळा अँथोसायनिनचा. उजेड तोकडा पडला की अँथोसायनिन कमी तयार होतं, हरितद्रव्य वरचढ होतं आणि नवी पानं हिरवीच राहतात. माझ्यावर विश्वास नसेल तर अमेरिकेतल्या मिसूरी बोटॅनिकल गार्डनची माहिती वाचा. चांगल्या रंगासाठी तिथेही भरपूर उजेडच सांगितलाय.

तरी लोक खतच घालतात. युरिया घाला, म्हणजे नत्र, म्हणजे आणखी हिरवा पाला. सध्या एप्सम सॉल्टचं खूळ आहे. त्यातलं मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध बसलेलं असतं, म्हणजे लाल रंगासाठी आपण हिरव्या रंगाचं सामान आणतो! शिवाय अंधाऱ्या कोपऱ्यात झाडाची वाढ मंदावलेली असते. खत उचललं जात नाही, क्षार मातीत साठतात, पानांच्या कडा करपतात. त्यावर निदान काय, तर "खत कमी पडलं".

कुंडी खिडकीला लागून ठेवा, पूर्वेची असेल तर उत्तम. दुपारी पानांच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. बोटं वेगवेगळी ओळखू येतील अशी सावली पडली तर जागा चालेल; नुसता पुसट डाग दिसला तर जागा बदला. मात्र हॉलमधून थेट गच्चीत नेऊ नका, पानं भाजतात. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवा. हिरवी झालेली जुनी पानं बहुधा तशीच राहतील. रंग शेंड्याच्या नव्या पानांवर शोधा. तोही लगेच नाही. पुष्कळ जातींत कोवळं पान हिरवट-पिवळंच येतं आणि जून होताना रंगतं. ते रोगट समजून खुडणारे महाभाग मी पाहिलेत.

बाकीचं थोडक्यात. जागा बदलल्यावर पानं गळाली म्हणून पाणी वाढवू नका. क्रोटन जागाबदलावर रुसतोच, जास्तीच्या पाण्याने मात्र मुळं कुजतात. फवाऱ्याने हवेतला ओलावा काही मिनिटांपुरताच वाढतो. खोबरेल तेलाने पानं चकाकतात आणि धूळही धरतात, ओलं फडकं पुरे. एसीच्या कोरड्या हवेत पानांखाली बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी या किडीची. पानं खालून पाण्याने धुवा. रात्री खोलीत झाड असल्याने कुणी गुदमरत नाही, शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. आणि क्रोटन या नावावरून गोंधळू नका, जमालगोटा तो हा नव्हे. जमालगोटा क्रोटन टिग्लियमचा. कुंडीतला क्रोटन म्हणजे कोडियम, त्याच एरंड कुळातला पण वेगळा. तरीही याचा चीक त्वचेला झोंबतो, पोटात गेला तर त्रास देतो. छाटणी झाल्यावर हात धुवा, कुंडी रांगत्या मुलाच्या आणि मांजराच्या तोंडापासून लांब ठेवा.