आजीची ओवी, आजीचे चरित्र

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात घरातील वृद्ध व्यक्तीच्या निधनानंतर दशक्रिया विधीला प्रवचन होते, वर्षश्राद्धाला पुष्कळदा कीर्तन ठेवले जाते, आणि त्या वेळी मुले, नातवंडे, शेती व उपसलेले कष्ट यांचा आदराने उल्लेख होतो. परंतु गेलेली व्यक्ती कवितेवर जीव असणारी आजी असेल, तर तिने आयुष्यभर म्हटलेल्या ओव्यांविषयी सहसा कोणी बोलत नाही. वस्तुतः ऐंशी-नव्वद वर्षांच्या त्या आयुष्याची तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली हकिकत त्या ओव्यांतच असते.

ओवी हा मराठीतील फार जुना छंद आहे. इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आहे, आणि याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी याच छंदात आहे. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. जात्यावरची ओवी मात्र बहुधा दोन लांब ओळींची असते आणि तिची लय दगडाच्या फेऱ्याने ठरते.

या ओवीची खरी खुबी तिच्या रचनेत आहे. सासू, आई किंवा शेजारीण यांच्याकडून ऐकलेली ओळ गाणारी स्त्री जशीच्या तशी ठेवत नाही. ती तीत आपल्या भावाचे नाव घालते, माहेरच्या गावाचे नाव घालते, लेकाची वाट, लेकीची पाठवणी किंवा सासरचा जाच यांपैकी जे त्या पहाटे मनात असेल ते जोडते, आणि त्यामुळे शेकडो गावांत फिरणारी एकच ओळ प्रत्येक घरात निराळी होते. भीमा आणि सीना यांच्या खोऱ्यांतील या कमी पावसाच्या मुलखात ज्वारी दळणाऱ्या हातांनी पंढरीची ओढही गायिली, कारण निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना मिरजगाव-कर्जतच्या वाटेनेच जाते. अशा ओव्या कालक्रमाने लावल्या, तर बालपण, लग्न, बाळंतपणे, दुष्काळ आणि वैधव्य यांचा इतका बारीक आलेख हाती येतो, की सातबारा किंवा जन्मनोंदीत तो कधीच सापडणार नाही.

नातलगांनी वेळीच लक्ष दिले तर काय वाचते, हे बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) उदाहरणावरून कळते. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव व दुसरा एक नातलग यांनी ऐकून टिपलेल्या रचना त्यांच्या निधनानंतर आचार्य अत्रे यांच्यासमोर आल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जे टिपले गेले नाही, ते त्यांच्याबरोबरच गेले. अहिल्यानगरशी घनिष्ठ संबंध असलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी तर ‘स्मृतिचित्रे’मध्ये कवी पतीचा लहरी, कवितेने भारलेला संसार स्वतःच लिहून ठेवला; आप्ताचे स्मरण केवळ स्तुतीने होत नाही, त्याच्या बारीकसारीक सवयींसह होते, याचा इतका चांगला नमुना मराठीत दुसरा नाही.

गावात वीज आली, तिच्यामागून पिठाची गिरणी आली, आणि बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला ही निश्चितच चांगली गोष्ट झाली. मात्र गाण्याचे निमित्त तेवढे संपले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर गाणारीचे व तिच्या गावाचे नाव नोंदवले, हे त्या कामाचे मोठे वैशिष्ट्य आहे, कारण नावाशिवाय ती ओवी लोकसाहित्याचा नमुना ठरते आणि नावासह एका बाईचे बोलणे ठरते.

जात्याची सवय असलेली पिढी आज बहुतेक ऐंशीच्या पुढे आहे. तिला नुसते विचारल्यास काही आठवत नाही असे ती सांगते, पण खुंट्याला हात लागला की ओळी सुचू लागतात, असा अनेक गायिकांचा अनुभव आहे. तेव्हा अडगळीत पडलेले जाते या दिवाळीत ओसरीवर आणावे, आजीला त्याच्याजवळ बसवावे, मोबाइलवर तिचा आवाज नोंदवावा आणि ओवीत येणारी नावे कोणाची, हे तिलाच विचारून वहीत लिहून घ्यावे.