ज्याचा त्याचा हिवाळा

पौषातील रविवार होता. बऱ्याच दिवसांनी चिकित्सालयाला एक दिवसाची सुट्टी देऊन निफाड तालुक्यातील आमच्या गावच्या घरी गेलो होतो. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. काही वर्षी येथील पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि द्राक्षघडांना कडाक्याची थंडी बाधू नये म्हणून शेतकरी पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. त्या दिवशीही दूरवर धुराच्या रेघा दिसत होत्या. गव्हाच्या पातींवर दव होते. नऊच्या सुमारास कोवळे ऊन ओट्यावर उतरले आणि मी आईशेजारी भिंतीला टेकून बसलो. हातात काम नाही, समोर रुग्ण नाही, पाठीवर ऊन आहे, असे सुख किती वर्षांनी लाभत होते!

उन्हाला पाठ द्यावी आणि शेकोटीला पोट, हा माझ्या आजीचा दंडक होता. तिची आठवण झाली आणि पाठोपाठ बालपणीचे सगळे हिवाळे डोळ्यांपुढे उभे राहिले. परसात तांब्याचा बंब धगधगत असे. तिळाच्या तेलाची वाटी त्याच्या कडेला ठेवून आजी आम्हा भावंडांना एकामागून एक पुढ्यात घेई. डोके, कान, पाठ, गुडघे आणि शेवटी तळपाय, हा तिचा क्रम कधी चुकला नाही. रात्री कोणाच्या टाचांना भेगा दिसल्या, तर काशाच्या वाटीने तूप चोळले जाई. आणि मग धुंधुरमास! सूर्य उगवण्यापूर्वी स्नान उरकून पाने मांडली जात. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी आणि वांग्याची भाजी. बाहेर अंधार असताना आम्ही मुले पोटभर जेवत असू आणि शाळेच्या वाटेवर पुन्हा बोरे आणि हरभऱ्याचे डहाळे खात असू.

आजीला अक्षरओळख बेताचीच होती. पुढे महाविद्यालयात अष्टांगहृदयातील ऋतुचर्या शिकताना मी चकित झालो. हेमंतात बाह्य शीतामुळे कोंडलेला जाठराग्नी प्रबळ होतो. रात्री दीर्घ असल्याने मनुष्याला पहाटेच भूक लागते. अग्नीला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो धातूंचेच पचन करू लागतो. म्हणून अभ्यंग, स्निग्ध आहार, उष्ण जल आणि आतपसेवन. हे सारे आमच्या परसात घडत होते! धुंधुरमास म्हणजे वाग्भटाचार्यांच्या उपदेशाचे घराघरांत रुजलेले रूप होय, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

परंतु या रम्य आठवणींत एक हिवाळा वेगळा आहे. १९७२ चा. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. ठिकठिकाणी रस्त्यांची आणि तलावांची दुष्काळी कामे निघाली होती, तेथे सुकडी वाटली जाई. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या खाल्लेली माझी पिढी ती चव विसरू शकत नाही. चारा नसल्याने आमच्या गाई विकल्या गेल्या होत्या. लोण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी धनुर्मास लागला, पण आजीने आम्हाला पहाटे उठवले नाही. उलट मी आपण होऊन जागा झालो, तेव्हा गोधडी अंगावर ओढून म्हणाली, “नीज रे अजून. ऊन येऊ दे.” मला ते लाड वाटले. अनेक वर्षांनी उलगडा झाला. पहाटे उठले की पहाटे भूक लागते, आणि डब्यात काही नव्हते. जो नियम तिने आयुष्यभर पाळला, तो त्या वर्षी तिने मुलांसाठीच बाजूला ठेवला होता. तेल मात्र थांबले नाही. वाटीऐवजी ते बोटाच्या टोकावर आले आणि फक्त टाळूला व तळपायांना लागू लागले.

हा प्रसंग मी विसरलो होतो. त्याची आठवण एका रुग्णाने करून दिली. व्यवसायाला पंधरा-वीस वर्षे झाली होती. हिवाळ्याच्या प्रारंभी ‘हेमंत ऋतुचर्या’ असे छापील पत्रक मी प्रत्येक रुग्णाच्या हाती देत असे आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. एक वृद्ध शेतकरी सांधेदुखीसाठी आले. नाडी पाहिली, औषध दिले आणि पत्रक वाचून दाखवले: थंड पाणी टाळावे, रात्री जागरण करू नये, वाऱ्यात हिंडू नये. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, “वैद्यबुवा, आमच्याकडं मोटारीची लाइट रात्री बाराला येती. दारं धरायला मलाच जावं लागतं. गव्हाला पाणी कोण देणार?”

मी निरुत्तर झालो. त्या काळी आमच्या भागात पंपांची वीज आळीपाळीने रात्रीची येई, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी विचारले नव्हते, इतकेच. पत्रक बाजूला ठेवले आणि नव्याने बोललो. शेतावर निघण्यापूर्वी पायांना कोमट तिळतेल लावावे, पायांत गमबूट असावेत, परतल्यावर पाय शेकावेत. जागरण अटळ असेल, तर गेलेल्या झोपेच्या निम्मा वेळ सकाळी जेवणापूर्वी झोपावे, अशी सवलत शास्त्रानेच दिली आहे. त्यांचे दुखणे समूळ गेले असे मी म्हणणार नाही. पण सांगितलेले त्यांच्याकडून घडले आणि पुढच्या खेपेला ते हसत आले.

सांगावयाचा मुद्दा असा की, ऋतू सर्वांना सारखा असला, तरी हिवाळा ज्याचा त्याचा असतो. शास्त्रातील हेमंतचर्या प्रबळ अग्नी गृहीत धरते. आज आपल्याकडे येणारा एक रुग्ण दिवसभर खुर्चीत बसतो, रात्री उशिरा जेवतो, उशिरा उठतो. त्याचा अग्नी प्रबळ आहे की नाही हे न पाहता डिंकाच्या लाडवांचा उपदेश करणे, विशेषतः तो मधुमेही असल्यास, अनुचितच ठरेल. दुसरा रुग्ण ऊसतोडीच्या फडात पहाटेपासून राबतो. त्याचा अग्नी प्रखर आहे, पण इंधन अपुरे आहे. दोघांच्या हाती एकच पत्रक देऊन कसे चालेल?

औषधालयचालक बंधुभगिनींनाही एक विनंती. थंडी पडली की च्यवनप्राशाचे डबे आणि तेलाच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात, ते योग्यच आहे. परंतु बाटली देताना ‘तेल लावायला सकाळी वेळ मिळतो का?’ एवढे विचारावे. पूर्ण अभ्यंग शक्य नसेल त्याला शिर, कर्ण आणि पाद एवढे तरी सांगावे. शास्त्रानेही या तीन स्थानांवर विशेष भर दिला आहे. फळीवर धूळ खाणाऱ्या बाटलीपेक्षा तळपायांवर जिरलेले चार थेंब अधिक मोलाचे आहेत.

असो. त्या रविवारी ऊन अंगणभर पसरले होते. आईने माझ्या टाचांकडे पाहिले आणि विचारले, “लोकांना सांगत असतोस, तू स्वतः तेल केव्हा लावलेस रे?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरात जाऊन तेलाची वाटी आणली, उन्हात ठेवली. तेल कोमट झाल्यावर प्रथम तिच्या तळपायांना लावले, मग माझ्या. पंच्याऐंशी वर्षांचे ते पाय कोरडे पडले होते; तेल पाहता पाहता जिरून गेले. मी पुन्हा वाटीत बोटे बुडवली.