एसी चालू आहे, पण गारवा नाही

ऐन वैशाखात एसी बंद पडला, तर ते घरातील सर्वांना तत्काळ कळते. परंतु दिवा लागलेला, पंख्याचा आवाज येणारा, वाऱ्याचा झोतही अंगावर घेता येणारा आणि तरीही खोली गार न करणारा एसी अधिक फसवा असतो. दारे-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, घरची मंडळी निश्चिंत. आणि त्या बंद खोलीतील तापमान मात्र हळूहळू चढत जाते.

त्या खोलीत वयोवृद्ध व्यक्ती असेल, तर ही केवळ गैरसोय राहत नाही. उतारवयात उष्म्याची जाणीव उशिरा होते, तहान कमी लागते, घामही पूर्वीइतका येत नाही. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी आणखी कमी होऊ शकते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला उकाड्याची तक्रार शब्दांत मांडता येईलच, असे नाही. म्हणून "मला काही उकडत नाही," या आजी-आजोबांच्या उत्तरावर विसंबून राहू नये. खोलीच्या भिंतीवर एक साधा तापमापक टांगावा. एसी लावून अर्धा तास झाला तरी पारा उतरत नसेल, तर पुढील तपासणी करावी.

घरच्या घरी काय पाहावे?

प्रथम रिमोट हाती घ्यावा. चुकून भलतेच बटण दाबले जाऊन यंत्र 'फॅन' किंवा 'ड्राय'वर जाणे, हे नेहमीचे कारण आहे. पडद्यावर बर्फाच्या फुलीचे चिन्ह हवे आणि तापमानाचा आकडा खोलीतील तापमानापेक्षा खाली हवा. ज्येष्ठांसाठी साधारण 24 ते 26 अंश पुरेसे होतात. आकडा 16 वर नेल्याने बिघडलेले यंत्र सुधारत नाही. कॉम्प्रेसर तेवढा अखंड धावत राहतो.

दुसरी पाळी फिल्टरची. जाळीवर धुळीचा थर बसला की हवा आत खेचली जात नाही. भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करून जाळी काढावी, नळाखाली धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करणे चांगले. मात्र हे काम ज्येष्ठांनी स्टुलावर चढून करू नये. एसीची दुरुस्ती काही दिवसांत होते. पडून मोडलेले खुब्याचे हाड महिनोन्‌महिने पुरते.

आतील नळ्यांवर बर्फ दिसला, तर यंत्र काही तास बंद ठेवून तो आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नळीला छिद्र पडले तर गॅस निघून जातो. स्वच्छ फिल्टर बसवूनही पुन्हा बर्फ जमल्यास तंत्रज्ञाला बोलवावे.

बाहेरचा भाग खोलीतील उष्णता बाहेर टाकतो. त्याच्यासमोर वाळत घातलेल्या चादरी, खोकी किंवा कबुतरांचे घरटे असेल, तर ती उष्णता कोंडते. हे गॅलरीत उभे राहून दिसेल तेवढेच पाहावे. कठड्यावरून वाकू नये. उन्हाळी दुपारी व्होल्टेज उतरल्यानेही कॉम्प्रेसर सुरू होत नाही. यंत्र बंद करून पुन्हा लावल्यास कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटे थांबूनच चालू होतो. तेवढ्यात घाईने स्विच उघडझाप करू नये.

तंत्रज्ञाचे काम त्यालाच द्यावे

बाहेरचा पंखा फिरत नसेल, नुसती घरघर येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मुख्य स्विच बंद करून थांबावे. आतील कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही धक्का देण्याइतका भार राहू शकतो.

"गॅस संपला, भरावा लागेल," हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. एसीतील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. म्हणून प्रथम "गळती कोठे आहे?" असे विचारावे; ती बुजवल्यानंतरच गॅस भरून घ्यावा. आजच्या अनेक यंत्रांतील आर-32 हा वायू सौम्य ज्वलनशील आहे आणि काहींतील आर-290 म्हणजे तर प्रोपेनच. दुरुस्ती चालू असताना त्या खोलीत निरांजन, उदबत्ती वा विडी-सिगारेट नको. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

दुरुस्ती होईपर्यंत

यंत्राआधी माणसाची सोय लावावी. ज्येष्ठ व्यक्तीला घरातील सर्वांत थंड खोलीत, शक्यतो तळमजल्यावर, नाहीतर शेजाऱ्यांकडे न्यावे. सुती कपडे घालावेत. मान, हात, पाय ओल्या फडक्याने वरचेवर पुसावेत. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत खिडकी किंचित उघडी ठेवून कूलर उत्तम चालतो. मुंबई-कोकणातील दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. पारा 40 अंशांच्या वर गेल्यावर केवळ पंख्यावर भिस्त ठेवू नये. तो तापलेली हवाच अंगावर फेकतो. पाणी, ताक किंवा पन्हे घोट-घोट द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर किती द्यावे हे डॉक्टरांना विचारावे. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत.

बोलणे असंबद्ध होणे, गुंगी येणे, अंग तापून चटका बसावा असे होणे, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. त्या क्षणी एसीचा विचार सोडून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अंगावर पाणी शिंपडून वारा घालत राहावे, आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये.

यातील बराचसा त्रास होळीच्या सुमारास टाळता येतो. फाल्गुनातच एसी तासभर लावून पाहावा, सर्व्हिसिंग उरकावे आणि तंत्रज्ञाचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. उन्हाची खरी काहिली सुरू झाल्यावर तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते, आणि त्या दोन-तीन दिवसांचा भार घरातील सर्वांत थकलेल्या जिवावर पडतो.