शेतकी अधिकाऱ्याची पाहणी

१९५३ साली पोर्तुगालच्या सरकारने आपल्या ताब्यातल्या गिनीत शेतीची गणना करायला घेतली आणि ते काम अमिल्कार काब्राल या जेमतेम तिशीच्या कृषी अभियंत्यावर सोपवलं. जन्म गिनीतल्या बाफाताचा, आई-वडील केप व्हर्दचे, शिक्षण लिस्बनला. सरकारी पगारावर तो गावोगाव हिंडला. कोण काय पेरतं, किती पिकतं, सगळं टिपून घेतलं. बालांता लोक खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवतात, पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन गेलं की भात लावतात. कोकण-गोव्यातल्या खाजणांची आठवण व्हावी अशीच ही शेती. बालांतांमध्ये मोठे सरदार नाहीत; फुला नावाच्या जमातीत आहेत, आणि ते पोर्तुगीजांना धरून आहेत, हेही त्याने हेरलं. पुढे बंडाला कोण साथ देईल आणि कोण पाठ फिरवेल, याचा त्याचा ठोकताळा फारसा चुकला नाही. साम्राज्याने आपल्याच खर्चाने शत्रूला मुलखाची ओळख करून दिली, असं म्हणायला हरकत नाही.

ब्रिटन आणि फ्रान्स आफ्रिकेतून काढता पाय घेत होते तेव्हा पोर्तुगालने फक्त पाट्या बदलल्या. १९५१ साली घटनादुरुस्ती करून तिथला हुकूमशहा सालाझार याने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांनी विचारलं, तर उत्तर तयार: आमच्याकडे वसाहतीच नाहीत! गोवेकरांना ही भाषा नवी नव्हती.

काब्रालने १९५६ मध्ये साथीदारांसह पक्ष काढला. १९५९ मध्ये बिसाऊच्या धक्क्यावर संप करणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला आणि शांततेचा मार्ग तिथेच संपला. जानेवारी १९६३ पासून गनिमी युद्ध सुरू झालं. मात्र मुक्त झालेल्या भागात नुसत्या बंदुका फिरल्या नाहीत. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, तांदूळ देऊन कापड नेता येईल अशी लोकांची दुकानं निघाली. काब्राल बजावत असे, आपलं भांडण पोर्तुगीज जनतेशी नाही, वसाहतवादाशी आहे. जानेवारी १९७३ मध्ये शेजारच्या देशातल्या कोनाक्री शहरात त्याच्याच पक्षातल्या फुटीरांनी त्याचा खून केला. तरी सप्टेंबरात पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं. राजधानी बिसाऊ तेव्हाही पोर्तुगीजांच्याच हातात होती.

याच सुमारास पोर्तुगीज सैन्यातले कॅप्टन चुळबुळ करू लागले होते. अंगोला, मोझांबिक आणि गिनी अशा तीन आघाड्या, जवानांना चार-चार वर्षांची सक्तीची सेवा, आणि त्यातून जिंकण्याची आशा नाहीच. बढत्यांच्या नियमांवरून राग होताच. पण मनात एक जुनी भीतीही होती, आणि तिचं नाव होतं गोवा.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा सालाझारचा हुकूम होता की शरणागती नाही. सैनिक एकतर विजयी व्हावेत, नाहीतर मरावेत. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही. तीन हजारांवर सैनिक मरू देण्यापेक्षा त्यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. बक्षीस काय? सैन्यातून हकालपट्टी. गिनीतही उद्या हार झाली तर सरकार नामानिराळं राहील आणि खापर आपल्या माथी फोडेल, हे कॅप्टनांना उमगलं होतं.

पूर्वी गिनीत गव्हर्नर राहिलेल्या जनरल स्पिनोलांनीच फेब्रुवारी १९७४ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की हे युद्ध बंदुकीने जिंकता येणार नाही. २५ एप्रिलला कॅप्टनांनी लिस्बनमध्ये सत्ता उलथवली. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली. पोर्तुगालने सप्टेंबरमध्ये गिनीला, म्हणजे आजच्या गिनी-बिसाऊला, मान्यता दिली. मोझांबिक, केप व्हर्द, साओ टोमे आणि अंगोला १९७५ मध्ये सुटले. अंगोलात मात्र स्वातंत्र्य आलं तेच यादवीच्या तोंडावर.

गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने कागदोपत्री मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ रोजी, तेरा वर्षांनी. क्रांतीनंतरच वासालो इ सिल्वांनाही त्यांचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये ते पुन्हा गोव्यात आले, पाहुणे म्हणून. गोवेकरांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं.