मातीच्या दाखल्यातील मिलिग्रॅम

माती तपासून आली की दाखल्यावर नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे बहुधा हेक्टरी किलोत असतात. ते आपल्याला कळतात. खाली जस्त, लोह यांच्यापुढे मात्र ०.४, ३.२ असे आकडे आणि 'मि.ग्रॅ. प्रति किलो' किंवा 'पीपीएम' असे लिहिलेले असते. दोन्ही एकच. तिथे बरेच जण दाखला घडी करून खिशात घालतात.

मिलि म्हणजे हजारावा भाग. एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम, एका किलोचे दहा लाख. सोनाराची जुनी गुंज सुमारे १२० मिलिग्रॅमची, यावरून अंदाज करा. तेव्हा ०.४ म्हणजे किलोभर मातीत पिकाला घेता येईल असे जस्त अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. हे प्रमाण ०.६ च्या खाली गेले की जमिनीत जस्त कमी समजतात. लोहासाठी ही रेघ साधारण ४.५ ची.

आता हिशेब पाहा. हेक्टरभर रानाच्या वरच्या वीतभर थरात सुमारे साडेबावीस लाख किलो माती असते. किलोमागे ०.२ मिलिग्रॅमची तूट म्हणजे साऱ्या रानात जेमतेम साडेचारशे ग्रॅम! मग हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट कशाला सांगतात? एक तर त्यात जस्त असते सुमारे २१ टक्के, म्हणजे चार किलोच्या आसपास. शिवाय आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात त्यातले बरेचसे मातीत अडकून बसते, मुळांना मिळत नाही. म्हणून ते नुसते न फेकता कुजलेल्या शेणखतात चार-सहा दिवस मुरवून सरीत द्यावे. लोहाचेही तेच, उसावर केवडा पडतो तो बहुतेक अशाच रानात.

नमुना घेतानाही हा मिलिग्रॅम ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेत जस्तासाठी माती घेतात दहा ग्रॅम. ०.६ च्या हिशेबाने तीत जस्त भरते अवघे सहा हजारांश मिलिग्रॅम! जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत किंवा खताच्या रिकाम्या पोत्यात माती मिसळली, तर तेवढे जस्त तिथूनच लागते आणि उपाशी रान दाखल्यावर पोटभर जेवलेले दिसते. लोखंडी खोरे गंजके असेल तर लोहाचा आकडा असाच फुगतो. प्लॅस्टिकचे घमेले, लाकडी खुरपे आणि स्वच्छ कापडी पिशवी वापरावी.