विमा रुग्णालयाच्या दारातच का थांबतो?

विमा म्हणजे जोखीम वाटून घेणे. पण तो ऐच्छिक ठेवला, की आजाराची धास्ती असलेलेच आधी तो घेतात आणि धडधाकट माणसे बाहेर राहतात. मग हप्ता चढतो, आणि चढलेला हप्ता पाहून उरलेले धडधाकटही गळतात. कंपनीला तर मधुमेह असलेला ग्राहक नकोसाच असतो. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवले होते की आरोग्यसेवेचा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते, आणि कोणते उपचार लागतील हे रुग्णाऐवजी डॉक्टरच जाणतो. म्हणून सगळ्यांना एका छत्राखाली आणण्याचे काम कर गोळा करू शकणाऱ्या सरकारकडेच येते.

सरकारी योजना असूनही लोक कर्जबाजारी होतातच, हा आक्षेप खरा आहे. आयुष्मान भारत योजना २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. तरीही राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, हेही सांगायला हवे. पण योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे, आणि रक्तदाबाची रोजची गोळी घेणारा दाखल होत नाही, तो दरमहा औषधाच्या दुकानात पैसे मोजतो. त्याच्यासाठी सरकारने घाऊक खरेदीदार व्हावे. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि सरकारी रुग्णालयांची मागणी एकत्र करून निविदा मागवल्या. मागणी एकवटली की भाव पाडून मागता येतो. एकट्या रुग्णाला ते दुकानात कधीच जमत नाही.