विमानतळ, पाच मिनिटे आणि बारा मिलिमीटरची सळई

विक्रीच्या सादरीकरणात धडधडीत खोटे क्वचितच बोलले जाते. खरी गोष्टच थोडी ताणली जाते. होणार असलेले काम झाल्यासारखे सांगितले जाते, कधीतरी घडणारे रोजचे म्हणून मांडले जाते आणि अडचणीची अट गाळली जाते. नवी मुंबईतल्या कळंबोलीत या सवयीचे दोन नमुने शेजारी शेजारी पाहायला मिळतात: इथला लोखंड-पोलाद बाजार आणि आसपासच्या इमारतींमधली फ्लॅटविक्री.

फ्लॅटविक्रीत सर्वांत जास्त ताणला जातो तो भविष्यकाळ. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली, पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमाने त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून उडू लागली. मंजुरी आणि पहिले उड्डाण यांच्यात अठरा वर्षांचे अंतर पडले. एवढा सगळा काळ ‘विमानतळ येतोय’ हे वाक्य खरेच होते. पण ते ऐकून ज्याने कर्ज काढले, त्याचे हप्ते मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू झाले. मेट्रोचेही तसेच. बेलापूर ते पेंधर हा मार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. पुढचे टप्पे कागदावर असताना त्यांची स्टेशने नकाशावर आजच्या स्टेशनसारख्याच ठळक ठिपक्याने दाखवणे ही अतिशयोक्तीच, भले त्यात एकही चुकीचा शब्द नसो. प्रकल्प मंजूर आहे, काम सुरू आहे की तो वापरात आला आहे, हे प्रत्येक ठिकाणी तारखेसह लिहिले की हा दोष उरत नाही.

दुसरा प्रकार मिनिटांचा. ‘एक्स्प्रेसवे पाच मिनिटांवर’ हे विधान कळंबोलीत पहाटे खरे असेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो, सायन-पनवेल महामार्ग आणि मुंब्र्याकडून येणारा रस्ताही कळंबोली सर्कललाच येऊन मिळतो, शिवाय लोखंड बाजाराचे ट्रेलर असतातच. संध्याकाळी तेच पाच मिनिटांचे अंतर कितीही वेळ खाते. किलोमीटर मात्र बदलत नाहीत. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये द्यावे, वेळ सांगायचीच असेल तर कोणत्या वेळी मोजली तेही सांगावे.

तिसरा प्रकार क्षेत्रफळाचा. सुपर बिल्टअपच्या हिशेबात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा मिसळल्याने ६०० चौरस फुटांचे घर बोलता बोलता ९०० चे होऊ शकते. स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, कार्पेट क्षेत्राची एकच व्याख्या ठरवून दिली: आतल्या भिंतींसह प्रत्यक्ष वापराची जागा, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची वगळून. सादरीकरणात हाच आकडा आधी यायला हवा.

लोखंड बाजारात फुगवून बोलायला तुलनेने कमी वाव आहे, कारण तिथे वजनकाटा आहे. बारा मिलिमीटरची एक मीटर सळई ०.८८८ किलो भरली पाहिजे. भारतीय मानक १७८६ नुसार या जाडीच्या मालाच्या वजनात पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. सळईची ‘एफई ५००डी’ ही श्रेणी सांगितली की ताण सोसण्याची आणि तुटण्याआधी लांबण्याची ठरलेली किमान क्षमता आली, आणि कारखान्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवर ती पडताळता येते. तोल सुटतो तो मोजमापाच्या पलीकडे गेल्यावर. ‘गंज लागतच नाही’, ‘भूकंपरोधक सळई’ ही अशी वाक्ये आहेत. पुरेसे काँक्रीटचे आवरण नसेल तर चांगली सळईही गंजते. भूकंपात इमारत तगते ती आराखडा, रिंगांची बांधणी आणि काँक्रीट हे सगळे नीट असेल तर. त्याचे श्रेय एकट्या सळईला देता येत नाही.

‘सुंदर’, ‘प्रसन्न’ असली विशेषणे कायदा फारशी मनावर घेत नाही. मोजता येणाऱ्या वचनाचे तसे नाही. इंग्लंडमधल्या कार्बोलिक स्मोक बॉल खटल्यात १८९२ साली हाच फरक स्पष्ट झाला. हे औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीने केली होती आणि त्यासाठी बँकेत १,००० पौंड ठेवल्याचेही छापले होते. ही नुसती जाहिरातबाजी होती, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १८ नुसार तर पुरेशा माहितीशिवाय ठामपणे केलेले चुकीचे विधान, बोलणाऱ्याला ते खरे वाटत असले तरी, दिशाभूलच ठरते. ‘मलाही वरून तसेच सांगितले होते’ या विक्रेत्यांच्या लाडक्या उत्तराला इथे फारसा आधार मिळत नाही.

रेराचे कलम १२ आणखी नेमके आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट यांतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते, आणि त्याला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर रक्कम व्याजासह परत करावी लागते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) क्यूआर कोड असावा लागतो. तो स्कॅन केला की विकासकाने स्वतः नोंदवलेली काम पूर्ण होण्याची तारीख मोबाइलवर दिसते. विक्रेता तोंडी त्याआधीचा महिना सांगत असेल, तर समोर बसलेला ग्राहक दोन तारखा तिथल्या तिथे ताडून पाहू शकतो.

अनुभवी विक्रेते म्हणूनच सादरीकरणाची रचना बदलतात. प्रत्येक आकड्याखाली तो कुठून आला आणि कोणत्या तारखेचा आहे ते लिहिलेले असते. संगणकावर काढलेले चित्र आणि जागेवरचा फोटो वेगळे ओळखू येतील असे ठेवलेले असतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असेल तर ते ग्राहकाने विचारण्याआधीच सांगितले जाते. पाण्याबद्दल किंवा ओसीबद्दल, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राबद्दल, नक्की माहिती नसेल तर प्रश्न वहीत टिपून घेतला जातो आणि उत्तर नंतर लेखी पाठवले जाते. सादरीकरणाची तारीख घातलेली प्रत ग्राहकाला देण्याची पद्धतही उपयोगी आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि तोवर ग्राहकाच्या हाती बहुतेक वेळा हेच कागद असतात.